विहारातली पहिली वंदना

हेवा करायला माणूस बरोबरीचा लागतो म्हणतात. मला नाही तसं वाटत. जन्मात मी ज्याचा सगळ्यात जास्त हेवा केला तो कुठल्याच बाबतीत माझ्या बरोबरीचा नव्हता. त्याला आमची भाषा येत नव्हती, आमची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती, आणि अकोल्यात आल्यावर पहिले आठ दिवस तो आंघोळीच्या वेळी रडायचा. नळ सोडला की आवाज बाहेर येत नाही असं त्याला वाटायचं. यायचा. मी बाहेर बादली घेऊन उभा असायचो आणि मनात म्हणायचो, रड लेका, रड.

एकसष्ट साल असेल. मी अकोल्याला शेतकी शिकत होतो, दुसऱ्या वर्षाला. जून संपता संपता सिलोनचा एक मुलगा शिष्यवृत्तीवर आमच्याकडे आला. त्याच्या देशात कोरडवाहू भागात कापूस लावून बघायचा होता, आणि कापूस शिकायचा तर वऱ्हाडात जा, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आधी बोट, मग धनुष्कोडी, मद्रास, वर्धा असं करत तो चौथ्या दिवशी अकोल्याला उतरला. एक पत्र्याची पेटी, एक छत्री आणि पायांत चकचकीत काळे बूट. स्टेशनवरून वसतिगृहात येईपर्यंत त्या बुटांना काळ्या मातीचे असे थर चढले की तो हत्तीसारखा पाय उचलून चालत आला. पोरं खो खो हसली. "रावणाच्या गावचा आला रे!" म्हणून त्याचं नाव पडलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

त्याला माझ्या खोलीत टाकलं. माझ्या खोलीतली दुसरी खाट वर्षभर रिकामी होती. ती का रिकामी होती हे मला माहीत होतं, बाकीच्यांना माहीत होतं, आणि त्याला माहीत नव्हतं. तो आला, पेटी खाटेखाली सरकवली, आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. त्या घटकेला तो मला आवडला होता, हे कबूल करतो. ते सुख फार दिवस टिकलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची जळफळ कशासाठी ते कळायचं नाही.

माझं घर अमरावतीला. वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला. छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा मी हायस्कुलात होतो. आल्या आल्या लोकांनी घरातले देव बाहेर काढले, आणि भिंतीवर दोन तसबिरी लागल्या. पण देव काढणं सोपं, त्या जागी काय म्हणायचं, कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, हे सांगणारं कोणी नव्हतं. वस्तीत वंदनेची एक पातळशी पुस्तिका आली होती. ती न अडखळता वाचू शकणारा मी एकटा. म्हणून रविवारच्या वंदनेला सर्वांत पुढे मी बसायचो, मी म्हणायचो आणि माझ्यामागे म्हातारीकोतारी माणसंसुद्धा म्हणायची. मी गावी नसलो की पुस्तिका बंद राहायची. लोक पाठ असेल तेवढं म्हणून उठायचे.

आणि माझे वडील. शाबासकी हा शब्द त्यांच्या तोंडात मी कधी ऐकला नाही. मॅट्रिक झालो तेव्हा म्हणाले, "बरं झालं." पण वंदनेच्या वेळी ते पहिल्या रांगेत बसायचे आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना यांचे उघडे. माझ्याकडे बघत बसायचे. त्या बघण्यासाठी मी शनिवारच्या गाडीने अकोल्याहून निघायचो, बडनेऱ्याला गाडी बदलायचो आणि घरी यायचो. आईच्या हातचं जेवण वगैरे सगळं नंतर.

त्या वर्षी वस्तीत विहार उभा राहत होता. विहार म्हणजे विटांच्या कमरेएवढ्या भिंती, वर पत्रे आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. पण स्वतःच्या हाताने बांधलेला. वडील कामावरून आले की तसेच विटा रचायला जायचे. श्रावणातल्या पौर्णिमेला त्यात पहिली वंदना व्हायची होती, आणि ती मी म्हणणार हे कोणी बोललं नव्हतं तरी ठरलेलं होतं. मी तर खोलीत एकटा असताना आवाज लावून बघायचो.

हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते मी केलं. जुलैत घरी गेलो तेव्हा फुशारकीने सांगितलं, "बाबा, माह्या खोलीत सिलोनचा पोट्टा आला."

वडील विटेवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"सिलोन म्हंजे लंका ना? जथी बुद्धाचा धम्म अजून हाये?"

"हो."

"दोन हजार वर्सांपासून?"

"हो बाबा."

"अन् थो तुह्या खोलीत झोपते, अन् तू एकटाच आला? काहून आणलं नाई त्याले?"

पुढच्या रविवारी आणलं.

त्या दिवशीचं मी काय सांगू? सगळी वस्ती रस्त्याच्या तोंडाशी उभी. बायांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. एका म्हातारीने आपला नातू त्याच्या हातात दिला आणि त्याचा हात धरून नातवाच्या डोक्यावर ठेवला. दुसरीने विचारलं, "एवढ्या दर्यावरून आलास, भेव नाई वाटलं बावा?" मी इंग्रजीत सांगायचो, तो उत्तर द्यायचा, मी वऱ्हाडीत सांगायचो, आणि लोक त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. बोलत मी होतो. बघत सगळे त्याच्याकडे होते.

आईने भात केला होता. आमच्या घरी भात सणाला. मी ज्वारीच्या भाकरीवर लहानाचा मोठा झालो, परीक्षेच्या दिवशीही मला कोणी भात घातला नाही. आणि हा बसला की त्याच्या ताटात भाताचा ढीग! "त्याच्या देशात भातच खातेत म्हणे," आई म्हणाली. मला वाटलं, आता वरचं कालवण जिभेला लागलं की पळेल. आमच्या आईचं तिखट म्हणजे जावयाची परीक्षा. तर हा पठ्ठ्या बोटं चाटून अजून मागतो! सिलोनात याच्याहून तिखट खातात म्हणे. आई इतकी खूश झाली की तिने त्याला हाताने वाढलं. मी पाण्याचा तांब्या माझा मी घेतला.

पण खरी आग लागली ती दोन गोष्टींनी.

एक म्हणजे त्याचे बूट. जेवून बाहेर आलो तर वडील उंबऱ्याशी बसून त्याच्या बुटांचा चिखल खुरप्याने काढत होते. एक बूट साफ होऊन बाजूला, दुसरा मांडीवर. "चालता येत नाई पोराले," इतकंच म्हणाले. माझ्या वहाणा माझ्या वडिलांनी कधी हातात घेतल्या नव्हत्या. मी अमरावतीच्याच चिखलात चालून शाळा शिकलो होतो.

दुसरी गोष्ट रुईची. हा मुलगा कापूस शिकायला आला आहे हे कळल्यावर वडिलांनी उशी उसवली, चिमूटभर रुई काढली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती ओढत ओढत त्याला धाग्याची लांबी दाखवली. मग त्याच्या बोटांत रुई दिली, त्याची बोटं धरली, आणि ओढायला लावली. अर्धा तास चाललं होतं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघे हसत होते. मी मध्ये म्हणालो, "बाबा, मले कवा दाखवलं नाई हे."

"तुले पुस्तकात हाये ना," वडील म्हणाले.

संध्याकाळी वंदना झाली. मी पुढे बसलो. तो पाहुणा, म्हणून त्याला वडिलांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसवलं. मी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की मागून एक आवाज येतोय. तो म्हणत होता. पुस्तिका नाही, काही नाही. आणि आमच्यासारखं शाळेतल्या पाढ्यांसारखं नाही, तर लांबवून, खालीवर करत, कोणीतरी खूप दुरून बोलावल्यासारखं. माझ्यामागचे आवाज एकेक करून गप्प झाले. शेवटी मी आणि तो. मग मी पण गप्प झालो. नाहीतर करणार काय?

वडील त्याच्याकडे बघत होते. डोळे उघडे.

गाडीत तो मला म्हणाला, "तुमच्याकडे सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांचं असंच करतात का?"

"हो," मी म्हटलं. "पद्धतच आहे आमची."

त्यानंतर लागोपाठ दोन रविवार वडिलांनी त्याला बोलावलं. दोन्ही वेळा भात. दोन्ही वेळा वंदनेला त्याचा आवाज. तो "मले", "तुले", "पायजे" म्हणायला शिकला, आणि आई त्याच्या "पायजे"वर इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फर्स्ट क्लासात येत होतो, कोणाला सांगायचं?

मग मी ठरवलं, याचं जे काय आहे ते आपण शिकून घ्यायचं. अस्सल म्हणतात ना, ते त्याच्याकडे आहे, तर ते आपल्याकडेही हवं. मी त्याच्यावर नजर ठेवली.

सकाळी मेसची घंटा व्हायच्या आधी तो खाटेशी गुडघे टेकायचा, माझ्याकडे पाठ करून. मुठीत मण्यांची माळ. ओठ हलायचे. आणि सुरुवातीला व शेवटी उजव्या हाताची बोटं आधी कपाळाला, मग छातीला, मग एका खांद्याला, मग दुसऱ्या खांद्याला. चार ठिकाणी. मी पांघरुणातून बघायचो आणि विचार करायचो, चार कशाचे? एका सकाळी लख्ख उजेड पडला. चार आर्यसत्यं! मला इतका आनंद झाला की मी उठून बसलो. पुस्तिकेत हे नव्हतं, आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते त्याचं झालं असतं.

आज हे लिहिताना माझे कान तापतात. आमच्याकडे मिशनवाले लोक नव्हते असं नाही. पण ते उभ्याने गाणी म्हणायचे, पुस्तकं वाटायचे. असं बोट लावताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, सिलोनचा माणूस बौद्ध नसेल ही शंका माझ्या स्वप्नातही आली नाही. आम्हांला वाटायचं, तिथली झाडंसुद्धा बौद्ध असतील.

चौथ्या रविवारी त्याला ताप होता. मला बरंच वाटलं. मी एकटा घरी गेलो, वंदनेला बसलो, आणि सुरू करण्यापूर्वी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, चार ठिकाणी बोटं लावली. मग अर्थ सांगितला. कपाळाला पहिलं आर्यसत्य, छातीला दुसरं, असं करत चारही. जुन्या बौद्ध देशांत अशीच रीत आहे म्हणून सांगितलं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग एका म्हाताऱ्याने बोटं कपाळाला नेली. मग दुसऱ्याने. बाया पदर सावरून करू लागल्या. आणि माझे वडील, जे कोणी सांगितलं म्हणून कधी काही करत नाहीत, त्यांनी आपला रुईने खरखरीत झालेला हात उचलला आणि कपाळ, छाती, खांदा, खांदा असं नीट केलं. आणि माझ्याकडे बघितलं.

मी जिंकलो होतो. तासभर.

जेवताना वडील म्हणाले, "पुनवेले विहारात पहिली वंदना सिलोनवाल्या पोराले म्हणू द्यावं, असं सगळ्याइचं म्हणणं हाये."

घास हातातच राहिला. "काहून? मी नाई म्हणत का?"

"म्हणतं. चांगलं म्हणतं. पण तू पुस्तकातून शिकला. थ्याच्या कानावर पाळण्यात पडलं. विहार एकदाच बांधतेत बापू. पहिलं बोलणं थ्याचं होऊ दे." मग म्हणाले, "तू सांग त्याले. नीट समजावून सांग."

मी त्याला काहीच नीट सांगितलं नाही. "पौर्णिमेला कार्यक्रम आहे, ये," एवढंच म्हटलं. जाऊ दे, आयत्या वेळी गोंधळेल, असा कोता विचार.

पुढच्या रविवारी तो बरा झाला होता. सकाळी स्वच्छ कपडे घालून म्हणाला, "आज तुझ्या घरी नको जाऊया. मला इथे आमचं प्रार्थनेचं ठिकाण सापडलं आहे. येतोस?" अकोल्यात विहार आहे आणि मला माहीत नाही, याचाच मला राग आला. त्याच्यामागे निघालो. स्टेशनच्या बाजूला, रेल्वेतल्या मद्रासी आणि गोव्याकडच्या लोकांनी केलेलं एक लहानसं चर्च होतं. तो दारातून आत शिरला आणि चार ठिकाणी बोटं लावली. त्याच्या पुढच्या बाईने लावली. तिच्या पोराने लावली. आतले सगळे लोक उठले आणि सगळ्यांनी एकदम लावली.

मी दारातच उभा राहिलो. पायांखालची फरशी थंडगार लागत होती.

बाहेर आल्यावर स्टेशनवर चहा घेताना मी विचारलं, "तू ख्रिस्ती आहेस?"

"कॅथलिक," तो म्हणाला. "आमचं सगळं गाव. समुद्रावरचं गाव आहे, मासे धरणारे लोक. तुला ठाऊक नव्हतं? रोज सकाळी तर बघतोस."

"मग वंदना कशी येते?"

तो हसला. "शेजारचं घर बौद्धांचं. मधे एक कूड फक्त. रोज संध्याकाळी त्यांची आजी म्हणायची आणि आमची आई म्हणायची, झाली बघा दिवा लावायची वेळ." मग त्याने चहाचा ग्लास हातात फिरवला. "इथे आल्यापासून घरचं असं काहीसुद्धा कानावर पडलं नव्हतं. तुमच्याकडे पहिल्या दिवशी ती सुरू झाली आणि मला वाटलं, आता आई दिवा लावेल. म्हणून मी म्हणायला लागलो. चालतं ना?"

"चालतं," मी म्हटलं.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला आधी आनंद झाला. इतका की चहाचे पैसे मी दिले. पाळण्यात पडलं म्हणे! आता बघू कोण पहिली वंदना म्हणतं ते. हा आनंद वसतिगृहाच्या फाटकापर्यंत पुरला. फाटकाशी मला वडिलांचा हात आठवला. कपाळ, छाती, खांदा, खांदा. ते त्यांना मी करायला लावलं होतं. घरातले देव काढताना ज्याचा हात अडला नव्हता त्या माणसाला मी, त्याच्या मुलाने, न विचारता दुसऱ्याच देवाच्या रीतीला लावलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी एकटा अमरावतीला गेलो. त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं होतं. वडील विहारात शिडीवर चढून पताका बांधत होते. मी खालून म्हणालो, "बाबा, थो बौद्ध नाई. किरिस्ताव हाये."

वडिलांनी गाठ मारली. दुसरी मारली. मग विचारलं, "थ्यानं आपल्याले सांगतलं होतं का, मी बौद्ध हावो म्हणून?"

"नाई."

"आपण इचारलं होतं?"

"नाई."

"मंग थ्याचं काय चुकलं?" ते दुसऱ्या टोकाला शिडी सरकवायला उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "अन् थे बोटाचं? चार सत्याचं?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. वाक्य लहान होतं. "थ्यानंच शिकवलं मले," मी म्हणालो. "म्हणाला, असं करतेत."

"शिकवलं?"

"हो."

"येऊ दे उद्या," वडील म्हणाले आणि शिडी उचलली.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. त्याने येऊच नये असं वाटत होतं. गाडी चुकेल, बडनेऱ्याला कुठली गाडी धरायची ते कळणार नाही, नागपूरला निघून जाईल. एवढा मोठा देश, माणूस हरवत नाही होय? पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटा, वाट विचारत विचारत, दारात हजर. माझ्यावाचून पहिल्यांदाच गाडी बदलली होती, त्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. "मी आलो! बडनेऱ्याले बदलली!" तो वऱ्हाडीत म्हणाला. आईने टाळ्या वाजवल्या.

वडिलांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसवलं. मला म्हणाले, "इचार त्याले. तुवा माह्या पोराले थे बोटं लावाचं शिकवलं का?"

वस्तीत इंग्रजी येणारा मी एकटा. मी काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, हे मी सांगेन तेच खरं. मी तोंड उघडलं. काय विचारणार होतो ते आजही मला सांगता येत नाही. पण त्याची गरज पडली नाही. दोन महिन्यांत त्याला तेवढं वऱ्हाडी कळायला लागलं होतं. वडिलांनी प्रश्न विचारताना बोटं कपाळाला नेली होती, ते त्याने बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. सकाळच्या पांघरुणातला मी त्याला आठवत असेन.

"हो," तो वडिलांना म्हणाला. "म्या शिकवलं. माही चूक."

त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका भातासाठी नाही, बुटांसाठी नाही, त्याच्या आवाजासाठीही नाही.

वडील उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस, बावा. जेव." आईला भात वाढायला सांगितलं. मला म्हणाले, "तू बाहेर ये."

घरामागे, जिथे कडब्याची पेंढी ठेवलेली असायची, तिथे ते उभे राहिले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"थो इथी तीनदा बसला वंदनेले," ते म्हणाले. "माह्या बाजूले. एकदा तरी बोट लावलं का थ्यानं? नाई. आपला देव आपल्यापाशी ठेवला, आपल्यात आणला नाई. असा पोट्टा तुले शिकवीन?"

मी खाली बघत होतो.

"थो आता खोटं बोलला. तुह्यासाठी बोलला. तू काल कोणासाठी बोलला?"

ते थांबले. खरोखर थांबले, उत्तर येईल म्हणून. विहाराकडून लोकांचा आवाज येत होता, कोणीतरी मला नावाने हाक मारत होतं. शेवटी वडील म्हणाले, "जाय. लोक खोळंबले. पहिली वंदना तूच म्हण. बोटाचं मी सांगतो लोकाइले."

मी गेलो आणि पुढे बसलो. पुस्तिका उघडली. आमच्या हाताने बांधलेल्या त्या विहारात पहिली वंदना मी म्हटली, एकही शब्द चुकला नाही. उठल्यावर पुष्कळ जणांनी येऊन सांगितलं, आवाज फार चांगला लागला होता. त्यांत वडील नव्हते.